ऊन दाखवलेला डबा

यशवंत वझे म्हटलं की मला आधी त्यांचा चेहरा आठवत नाही, वर उचललेलं बोट आठवतं. उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर, डोळे अर्धवट मिटलेले. म्हणजे गप्प बसा, मी ऐकतोय. कुकरची तिसरी शिट्टी आखूड आली असेल, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा पंखा कुठेतरी घासत असेल, नाहीतर बाहेर येऊन थांबलेल्या कुणाच्या गाडीचा पट्टा सैल असेल. जेवायला बसलेले पाहुणे हातात घास धरून थांबायचे. मग बोट खाली यायचं आणि काका म्हणायचे, "आवाज आवडला नाही." तेवढं बोलून ते उठायचे आणि बिघाड सापडेपर्यंत सगळ्यांचं वरण गार व्हायचं. मला त्या बोटाचा फार राग यायचा. लग्न होऊन मी नुकतीच अमेरिकेत ट्रॉयला आले होते, दिवसभर बोलायला माणूस नव्हतं, आणि ज्या एका मराठी घरात हक्कानं जावं तिथे हा गृहस्थ बोट वर करून बसलेला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा सुधीर आणि वझे काका मोटारींचे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात होते. काका तपासणी खात्याचे मुख्य. ओतीव लोखंडाचा नग दोरीला टांगायचा, छोट्या हातोडीनं टिचकी मारायची आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. चांगला नग घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की गेला लाल पेटीत. त्या पेटीतला नग परत बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. सुधीर सांगायचा, एकदा मॅनेजर म्हणाला, "वॉझी, एव्हरीबडी सेज इट्स फाइन." काका म्हणाले, "देन एव्हरीबडी कॅन साइन." दुसऱ्याच्या 'ठीक आहे'वर आपली सही करायची नाही, हा त्यांचा नियम. त्या वर्षांत कारखान्यातून माणसं कमी होत होती, परदेशी चेहऱ्यांकडे लोक तिरक्या नजरेनं बघत होते, तरी काकांनी त्या नियमात कधी सूट दिली नाही.

असा माणूस रविवारी काय करत असेल? बाकीची मराठी मंडळी पत्ते खेळायची, नाहीतर कुणाकडे तरी जमून बटाटेवडे तळायची. काका रायफल घेऊन नेमबाजीच्या क्लबात जायचे. मिरजेला कॉलेजात एनसीसीमध्ये असताना पॉइंट टू-टूची रायफल पहिल्यांदा त्यांच्या हातात आली. "वर्षाला पाच राउंड मिळायचे, नीला. पाच! त्यातला एक फुसका निघाला की वर्ष फुकट." अमेरिकेत आल्यावर एकदा दुकानात गेले, तर मासे पकडायच्या गळांच्या शेजारी पाचशे-पाचशे काडतुसांचे ठोकळे विटांसारखे रचून ठेवलेले. विकणाऱ्यानं विचारलं, किती देऊ? काका काही न घेता बाहेर आले आणि गाडीत दहा मिनिटं नुसते बसून राहिले, असं त्यांच्या बायको सुमन काकू सांगायच्या.

पाच राउंडांची ती भूक कधी भागली नाही, पण हावरटपणाही त्यांनी कधी केला नाही. काडतुसं घ्यायची त्यांची रीत ठरलेली. आधी वेगवेगळ्या बनावटीची एकेक डबी आणायची. प्रत्येक डबीवर लॉटचा नंबर असतो, म्हणजे कारखान्यात एका वेळी भरलेली खेप. एकेका खेपेच्या पन्नास गोळ्या पन्नास यार्डांवरच्या कागदावर झाडायच्या, भोकांचा पसारा व्हर्नियरनं मोजायचा, आणि जिची भोकं सगळ्यात दाटीनं पडली तिचा पाच हजारांचा अख्खा खोका आणायचा. नंबर तोच हवा. दुसऱ्या नंबरचा खोका कुणी फुकट दिला तरी नको. "महाग तेच चांगलं असं नसतं. आपल्या रायफलला कुठली गोळी मानवते ते रायफलच सांगते," असं ते म्हणायचे. सुमन काकूंची तांदळाची रीतही अशीच. एक पौंड आणून शिजवून बघायचा, मगच पन्नास पौंडांचं पोतं. काकू म्हणायच्या, शितावरून भाताची परीक्षा. त्यावर काका लगेच, "भाताची होते. राउंडची नाही. एक वाजला म्हणून दुसऱ्याची खात्री देता येत नाही."

तळघरात दोन मांडण्या समोरासमोर होत्या. डावीकडे काकूंची वर्षाची बेगमी, म्हणजे तूरडाळ, पोहे, सांडगे, तिखट. उजवीकडे काकांची. डबे मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे, लष्कराच्या जुन्या मालातून आणलेले हिरवे, झाकणाला रबराची पट्टी असलेले. चिठ्ठ्याही दोन्हीकडे काकूंच्याच वळणदार अक्षरात. रायफली वेगळ्या कपाटात, कुलपात, आणि किल्ली काकांच्या जानव्याला. साठवणीचा मंत्र एकच: "कोरडं, थंड, आणि जमिनीपासून वर." सगळ्यात खालची फळीसुद्धा गुडघ्याच्या उंचीला होती. फरशीवर काही टेकलेलं दिसलं की काका करवादायचे, आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "अहो, कांदे आहेत ते."

मला बंदुकीत काडीचाही रस नव्हता. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून एका रविवारी त्यांच्याबरोबर क्लबात गेले. काकांनी मला चटईवर पालथं झोपवलं, रायफल खांद्याशी बसवून दिली आणि गोळी झाडायच्या आधी अर्धा तास नुसतं ऐकायला लावलं.

"घोडा ओढलास आणि नुसतं टिक झालं, तर काय करायचं?"

"दुसरी गोळी घालायची."

"मूर्ख. रायफल तशीच निशाणाकडे धरून ठेवायची आणि तीस आकडे मोजायचे. कधीकधी बार उशिरा उडतो. आणि आवाज झाला, पण रोजच्यासारखा नाही झाला, फुस्स झाला, तर?"

मी गप्प. एव्हाना शहाणी झाले होते.

"तर थांबायचं. रायफलीचा मागचा बोल्ट उघडायचा, हात वर करायचा, आणि कुणीतरी नळीतून आरपार बघेपर्यंत काही करायचं नाही. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर गोळी नळीतच अडकलीय. मागून दुसरी मारलीस की नळी फुगणार, नाहीतर फुटणार. आणि नळीच्या मागे काय असतं?"

"काय?"

"तुझा गाल," काका म्हणाले. "आवाज आवडला नाही तर थांब. एवढं एकच शिकलीस तरी पुरे."

मी पुढे बरी नेमबाज झाले, फार नाही. खरी नेमबाज होती त्यांची मुलगी मृणाल. सोळा-सतरा वर्षांची, उंच, हट्टी, मराठी कळत असून इंग्रजीतच उत्तर देणारी. घरी बापलेकीचं एका वाक्यावर जमत नसे. केस किती कापायचे, मैत्रिणीकडे राहायला जायचं का, फोनवर किती बोलायचं, प्रत्येक गोष्टीवर दारं आपटायची. क्लबात मात्र ती चटईवर पडली आणि काका मागे दुर्बीण लावून बसले की दोघंही वेगळी माणसं व्हायची. ते म्हणायचे, "एक क्लिक डावीकडे," ती म्हणायची, "येस, बाबा." त्या 'येस, बाबा'साठी काका आठवडाभर दारं ऐकून घेत असावेत. त्या वर्षी जूनमध्ये राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. मृणाल त्यात बसेल असं क्लबातले सगळे म्हणत होते, आणि तसं झालं तर पुढे कॉलेजच्या संघाचंही दार उघडणार होतं. काकांनी फेब्रुवारीपासून अकरा खेपा तपासल्या. शेवटी एक मनासारखी सापडली. तिचा खोका एप्रिलमध्ये घरी आला, आणि तो फक्त निवडीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा असं ठरलं.

खोका आणला त्याच संध्याकाळी कारखान्यातून फोन आला. ओहायोत एका ओतकामाच्या कारखान्यात नग तडकत होते, काकांनी लगेच निघायला हवं होतं. घाईत त्यांनी खोका तळघराच्या जिन्याशी ठेवला, फरशीवर, आणि गेले. त्यांच्या आयुष्यातला तो तसा पहिलाच खोका.

बुधवारी वादळ झालं, वीज गेली आणि तळघरातलं पाणी बाहेर फेकणारा पंप बंद पडला. गुरुवारी सकाळी काकूंचा फोन. "नीला, असशील तशी ये. खाली पाणी आलंय आणि यांचा खोका पाण्यात बसलाय."

मी पोचले तोवर काकूंनी खोका वर ओढून आणला होता. वरचे थर कोरडे होते, पण तळाच्या दोन 'विटां'चा, म्हणजे हजार काडतुसांचा, पुठ्ठा लगदा होऊन हातात येत होता. काकू एक मिनिट कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ऊन दाखवू."

डाळीला कीड लागली, गाद्या दमट झाल्या, पापड मऊ पडले, काकूंच्या माहेरी सगळ्यावर एकच औषध होतं. वादळानंतर ऊनही झकास पडलं होतं. आम्ही मागच्या अंगणात गवतावर त्यांचं जुनं लुगडं अंथरलं आणि हजार काडतुसं पसरली. काकू गुडघ्यांवर बसून हातानं ती हलकेच परतत होत्या. मला हसू येत होतं. तांब्या-पितळेचं वाळवण कुणी पाहिलंय कधी?

हसू फार टिकलं नाही. तासाभरात एक पोलीस अंगणात आला. पलीकडच्या घरातून कुणीतरी फोन केला असणार. तरुण होता. लुगड्याच्या काठाशी येऊन थबकला, आणि त्याचा हात पट्ट्याकडे गेलेला मी पाहिला.

"मॅम, व्हॉट आर यू डुइंग?"

"ड्राइंग," काकू म्हणाल्या. "वॉटर केम. माय हजबंड कमिंग टुमारो."

"आर यू गोइंग टू शूट दीज?"

"मी? नो, नो. आय ओन्ली ड्राय."

तो काकूंच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. काकांच्या क्लबचं कार्ड दाखवलं, त्यानं नंबर लिहून घेतला आणि तो सैलावला. उघड्यावर ठेवू नका, संध्याकाळच्या आत आत न्या, एवढंच म्हणाला. जाता जाता फाटकाशी वळून म्हणाला, "इफ दे वेअर माइन, आय'ड टॉस देम."

"काय म्हणाला गं?"

"टाकून द्या म्हणतोय."

"अमेरिकन आहे तो," काकू म्हणाल्या. "ही माणसं कालचा पावसुद्धा टाकून देतात."

दुपारी आम्ही ती काडतुसं पुसून एका कोरड्या डब्यात भरली. त्यात वरच्या थरातली थोडी कोरडीही मिसळली, म्हणजे डबा पुरता भरेल. कुठली भिजलेली आणि कुठली नाही हे आता देवालाही सांगता आलं नसतं. काकूंनी कडी लावली आणि माझा हात धरला. "त्यांनीच फरशीवर ठेवलेल्या खोक्यातल्या गोळ्या भिजल्या हे त्यांना कळलं ना, तर स्वतःला खात बसतील. रक्तदाब आहे त्यांना. खोका भिजला म्हणू, गोळ्या नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे."

शुक्रवारी काका आले तेव्हा मी तिथेच होते. ते तळघरात उतरले, फरशी पाहिली, डबा पाहिला.

"राउंड भिजले का?"

"नाही हो. खोकाच तेवढा भिजला. मी वरच्यावर काढल्या."

काकांचं बोट वर गेलं. अर्ध्यावर. काकू मांडणीवरचा पोह्यांचा डबा उगाच सरळ करत होत्या. मग बोट खाली आलं. काकांनी डब्यातली मूठभर काडतुसं तळहातावर घेतली, लखलखीत होती, परत ठेवली आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'मृणाल. जून.'

दीड महिना गेला. मी विसरले, खरंच विसरले. निवडीच्या आदल्या संध्याकाळी काका-काकू आमच्याकडे जेवायला आले. मृणाल लवकर झोपायचं म्हणून घरीच राहिली होती. सुधीरनं सहज विचारलं, "काका, पाणी लागलेलं काडतूस वाळवलं तर चालतं का?" त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, पावसाळ्यावरून बोलणं चाललं होतं.

"बाहेरून वाळतं," काका म्हणाले. "या बारीक राउंडचा सांधा पक्का नसतो. ओल आत गेली की आत राहते. शंभरातले नव्वद नीट वाजतील. उरलेल्या दहातला एक नळीत अडकला की झालं. म्हणून भिजलेला लॉट टाकायचाच. खराब माल घरात एक दिवससुद्धा ठेवू नये."

माझ्या हातातली वाटी कलंडली. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, नाही म्हणून.

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. "काकू, सांगून टाकूया."

"काही होत नाही. दिवसभर ऊन दाखवलंय मी. एकेक हातानं पुसलीय."

"पण काका म्हणतायत..."

"ते सगळ्यालाच म्हणतात. आता सांगितलं तर उद्या तिला जाऊ देणार नाहीत, आणि ती पोरगी या घरात पुन्हा तोंड उघडायची नाही." काकू ताटं गोळा करायला लागल्या. "शपथ घातलीय मी तुला."

मी गप्प बसले. हे लिहिताना आजही लाज वाटते. एका मुलीच्या गालापेक्षा मला शपथ मोठी वाटली, ती एक रात्र. सकाळी सहाला उठून फोन केला तेव्हा काकूंनी सांगितलं, "पाचलाच गेले." मी म्हटलं, मी जाऊन सांगते. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

लायसन्स मिळून मला दोन महिने झाले होते आणि हायवेवर मी एकटी कधी गेले नव्हते. दीड तास उत्तरेकडे गाडी हाकली. हात स्टिअरिंगला चिकटले होते. ट्रक शेजारून जाताना मी मोठ्यानं रामरक्षा म्हणत होते, आणि मधलीच ओळ विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

पोचले तेव्हा मैदानावर लाल झेंडा वर होता. गोळीबार सुरू. दहा-बारा मुलं-मुली चटयांवर पालथी पडलेली, मृणाल डावीकडून तिसरी, तिची वेणी पाठीवर. पालक दोरीच्या मागे. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलतही नव्हतं, फक्त टक्, टक् असे कोरडे आवाज. काका घडीच्या खुर्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मी मागून जाऊन त्यांच्या खांद्याशी वाकले.

"काका."

न बघता त्यांनी बोट वर केलं.

"काका, एप्रिलमध्ये गोळ्या भिजल्या होत्या. आम्ही वाळवल्या. याच त्या."

बोट तसंच हवेत राहिलं. मग ते उठले आणि खुर्ची मागे पडली. तेवढ्यात त्या कोरड्या टक्-टक्मध्ये एक आवाज वेगळा आला. ओला कपडा हलकेच आपटावा तसा. डावीकडून तिसऱ्या चटईवरून.

त्या रायफलीत दुसरी गोळी घालून झाडायला मृणालला चार सेकंद लागायचे. घड्याळ चालू होतं, ती दुसऱ्या नंबरावर होती, अकरा गोळ्या उरल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले. ज्या माणसानं मैदानावर कधी आवाज चढवला नव्हता तो माणूस माझ्या कानाशी ओरडला, "मृणाल, थांब!"

डोळे उघडले तेव्हा सगळी रांग वळून काकांकडे बघत होती. मृणाल सोडून. तिची रायफल चटईवर होती, तोंड निशाणाकडे, बोल्ट उघडा, आणि तिचा हात सरळ वर. तो काकांच्या ओरडण्याआधीच वर गेला होता. मागे न बघता ती म्हणाली, "आय हर्ड इट, बाबा."

पंचांनी गोळीबार थांबवला. एका म्हाताऱ्या पंचानं नळीत सळई घातली, ती अर्ध्यावर अडली. काकांनी रायफल हातात घेऊन नळीला डोळा लावला. उजेड नव्हता. ते खूप वेळ तसेच बघत राहिले. पंच म्हणाला, गोळी ठोकून काढू, शेजारचे दुसरी काडतुसं देतायत, मुलीला उरलेला वेळ मिळेल.

"नो," काका म्हणाले. "नळी तपासल्याशिवाय नाही. शी इज डन."

"बाबा! इलेव्हन शॉट्स! प्लीज!"

"नाही."

मृणालच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं विचारलं, "हाउ डिड दे गेट वेट?"

काकांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "खोका मी फरशीवर ठेवला होता. पाणी आलं. मी तपासलं नाही. माय मिस्टेक."

"यू?" ती म्हणाली. "यू?" आणि हातमोजा चटईवर फेकून गाडीकडे निघून गेली.

मी खुर्ची उचलून घडी करत होते. "काका, खोटं काकू बोलल्या. आणि मी. तुम्ही का स्वतःवर..."

"खोका मीच ठेवला ना? ते तर खरं आहे." ते सामान आवरत राहिले. "आणि सुमनचं खोटं मला त्या दिवशीच ऐकू आलं होतं. आवाज आवडला नव्हता मला. बोट वर केलं, आणि मग म्हटलं, जाऊ दे, बायको आहे आपली. सही करून टाकली." डब्याची कडी त्यांना लागेना. मी लावून दिली. "हे सुमनला कळता कामा नये, नीला. तिच्या हातनं पोरीच्या बाबतीत असं होणार होतं हे तिला कळलं तर ती पुन्हा उभी राहायची नाही. रायफल बिघडली म्हणून परत आलो, एवढंच. मृणाललाही मी हेच सांगायला लावतो."

म्हणजे आता माझ्यावर दोन शपथा. घरी आल्यावर काकूंनी मला दारातच विचारलं, "सांगितलंस?" काका मागून म्हणाले, "काय सांगायचंय? रायफल नादुरुस्त झाली. तुझ्या गोळ्या ठणठणीत आहेत." काकू देवघरात गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मृणाल संघात गेली नाही. त्या उन्हाळ्यात ती क्लबात गेली नाही आणि बापाशी कामापुरतं बोलत होती. जो माणूस साऱ्या जगाला 'जमिनीपासून वर' सांगतो त्यानंच निष्काळजीपणा केला आणि आपलं वर्ष घालवलं, हे तिला गिळता येत नव्हतं. काका ते सोसायचे. मी समोर बसून खिचडी चिवडायचे. पुढच्या वर्षी ती दूरच्या कॉलेजात गेली.

दोन वर्षांनी सुधीरला शिकागोजवळ नोकरी लागली आणि आमचं नेपरव्हिलला जायचं ठरलं. निरोप घ्यायला गेलो तो मे महिना होता. मागच्या अंगणात तेच लुगडं अंथरलेलं, वर तूरडाळ, आणि एका कोपऱ्यात काडतुसं. मी दचकलेच. शेजारी रिकामा हिरवा डबा होता आणि त्याच्या चारी बाजूंनी लाल रंगाचा जाड पट्टा ओढलेला.

काका मला बाजूला घेऊन पुटपुटले, "मागच्या वर्षी डाळ काढताना तिनं विचारलं, तुमच्याही दाखवू का ऊन? मला नाही म्हणवेना. म्हणून तेवढा डबा ठेवलाय. क्लबात नाही जात तो. सगळ्यात वरच्या फळीवर असतो." खराब माल घरात एक दिवस न ठेवणारा माणूस हे सांगताना चोरी पकडल्यासारखा खाली बघत होता.

मग काकूंनी पिशवी भरून चिवडा द्यायला मला आत बोलावलं. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाल्या, "नऊशे बहात्तर."

"काय नऊशे बहात्तर?"

"त्या गोळ्या. गेल्या वर्षी मोजून भरल्या, यंदा मोजून काढल्या. तेवढ्याच. नेमबाजाच्या घरात गोळ्या संपत नाहीत होय गं? आणि लाल पट्टा बाद मालावर ओढतात ते सुधीरनं मला केव्हाच सांगितलंय." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला त्याच दिवशी कळलं, तुम्ही दारात आलात तेव्हा. मृणालला कॉलेजात पोचवायला गेले ना, तेव्हा सांगून टाकलं सगळं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग म्हणाली, बाबांना सांगू नकोस की मला माहीत आहे. आता दर रविवारी फोन करते त्यांना. त्यांना वाटतं पोरीनं माफ केलं."

"आणि तुम्ही? तुम्ही त्यांना कधी सांगणार?"

"कशाला? ते मला जपतायत असं त्यांना वाटतंय. वाटू दे."

त्या घरातल्या शपथांचा मला एव्हाना सराव झाला होता. पण जगातली प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा हा माणूस आपल्याच घरातली एवढी एक गोष्ट तपासत नव्हता, आणि मला तेव्हा त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी चिवड्याची पिशवी तिथेच विसरून निघाले. काकूंना ती गाडीपर्यंत आणून द्यावी लागली.

सुधीरनं गाडी सुरू केली. अंगणात काका गुडघ्यांवर बसून लुगड्यावरची काडतुसं एकेक उचलून डब्यात घालत होते. कडी लावली, डबा कानाशी नेला, हलकेच हलवला आणि बोट वर केलं. काकू पायरीवर थांबल्या. मी सुधीरच्या हातावर हात ठेवला, त्यानं गाडी बंद केली. मग बोट खाली आलं. काकांनी मान डोलावली आणि तो डबा दोन्ही हातांनी उचलून घरात नेला.